डोक्याशी बसणारी बाई

परभणीत माझी गाडी एखाद्या दवाखान्यासमोर उभी दिसली, की लोक समजून जातात, आत कुणाचं तरी पोट उघडलंय. मी भूल देणारी डॉक्टर. माझा स्वतःचा दवाखाना नाही, पाटी नाही, दाराबाहेर चपला काढून बसलेले पेशंट नाहीत. जिथं ऑपरेशन असेल तिथं जायचं, माणसाला झोपवायचं किंवा कमरेखालचं अंग बधिर करायचं, काम संपेपर्यंत त्याच्या डोक्याशी बसायचं, ते शुद्धीवर आलं की पुढच्या दवाखान्याकडे निघायचं. परभणीत दोन, पूर्ण्याला एक, परत येताना परभणीत अजून एक. तीस वर्षं हेच चाललंय. गाड्या बदलल्या, रंग मात्र पांढराच ठेवला, कारण रंग बदलला की लोकांचा गोंधळ उडतो.

एकदा मी एका दवाखान्यासमोरच्या दुकानात मच्छरदाणी घ्यायला थांबले होते. संध्याकाळपर्यंत त्या डॉक्टरांच्या सासऱ्याचं ऑपरेशन झाल्याचं गल्लीभर झालं. सासरे तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर पेपर वाचत बसले होते. भेटायला आलेल्यांनी त्यांनाच त्यांची तब्येत विचारली.

आमच्या कामात एक वाक्य ठरलेलं आहे. सर्जनचा फोन येतो आणि तो म्हणतो, "मॅडम, पेशंट टेबलवर घेतलाय." याचा अर्थ असा, की पेशंट अजून ताडकळसहून निघायचाय, नातेवाईक चहा पितायत आणि सर्जन स्वतः आत्ता कुठे जेवायला बसलाय. हे मला माहीत असतं. मला माहीत आहे हे त्यालाही माहीत असतं. तरी मी ताटावरून उठते, कारण कधीतरी ते खरंच असतं आणि कधी ते फोनवर कळत नाही. आमच्या घरी मी गरम पोळी खाल्ल्याचं कुणाला आठवत नाही.

सिझेरियनला बाई जागी असते. कमरेत सुई दिली की पोटापासून खाली दुखत नाही, पण कान शाबूत असतात. हत्यारं ट्रेमध्ये पडतात ते ऐकू येतं, सर्जन सिस्टरवर खेकसतो ते ऐकू येतं. अशा वेळी तिला बोलतं ठेवायचं, ही माझी खासियत. गाव कुठलं? माहेर कुठलं? औंदा सोयाबीन का कापूस? सासू कशी हाय, खरं सांग, हितं कोणी ऐकत न्हाई. बाई सांगत सुटते आणि तेवढ्यात पोर बाहेर येतं. मधेच कुणी म्हणालीच, मॅडम, भेव वाटायलंय, की मी म्हणायची, काही होत न्हाई. आणि लगेच पुढचा प्रश्न.

माझा चेहरा मास्कमध्ये, आणि तोही त्यांना उलटा दिसतो. त्यामुळे मला चेहऱ्यानं कुणी ओळखत नाही, आवाजानं ओळखतात. ताडकळसच्या बाजारात मी मेथीवरून घासाघीस करत होते, तर विकणारी बाई माझ्याकडे टक लावून बघायला लागली. म्हणाली, "तुमीच मला माहेर इचारलं होतं ना?" मग तिनं पोरगा कितवीत आहे ते सांगितलं, त्याला हाक मारून माझ्या पायाही पडायला लावलं. मेथीचा भाव काही कमी केला नाही.

हे सगळं मला आवडत होतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचून कुणी, बाईला कामाचा कंटाळा आला, असं म्हणू नये. कंटाळा मला माहीत आहे. आमच्या नातेवाइकांत लग्नं पुष्कळ असतात.

एका दुपारी पूर्ण्याला दवाखान्यासमोर गाडी लावली आणि मला उतरता येईना. छातीत दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. मी डॉक्टर असल्यामुळे आधी सगळं तपासून घेतलं, नाडी जरा जलद होती, एवढंच. हात स्टिअरिंगवर होते आणि ते मला काढता येत नव्हते. शेवटी वॉचमननं काचेवर टकटक केलं आणि विचारलं, "मॅडम, चावी अडकली का?" मी हो म्हणाले आणि उतरले.

हे का झालं ते सांगता येत नाही, कारण काही झालंच नव्हतं. माझ्या हातून कुणी दगावलं नव्हतं, काही चुकलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. पण त्यानंतर दर वेळी हेच होऊ लागलं. वॉचमन टकटक करायचा, मी उतरायची. आत गेल्यावर मी इंजेक्शनचं लेबल वाचायची, परत वाचायची, मग सिस्टरला मोठ्यानं वाचायला लावायची. ती वाचायची आणि माझ्याकडे बघायची. पूर्वी मी एका नजरेत जे करत होते त्याला आता साक्षीदार लागत होता. भरलेली सिरिंज मी एकदा टाकून दिली आणि नवी भरली, कारण पहिली भरताना मी खिडकीकडे बघितलं होतं.

मला भीती वाटत होती. उघड सांगते, जन्मात वाटली नव्हती एवढी. माझ्या कामात भीतीचे दोनच शेवट असतात. एक तर कधीतरी मी गाडीतून उतरणारच नाही, आणि आत टेबलवर बाई खरोखरची असेल. नाहीतर मी उतरेन, आणि हात थरथरत असताना कुणाच्या तरी कमरेत सुई घालेन. या दोन्हींपैकी काही व्हायच्या आत काम सोडायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. चोपन्नाव्या वर्षी. त्याशिवाय मला काहीही येत नाही. स्वयंपाकसुद्धा बेताचा.

घरात मी सांगितलं नाही. पण आमचे हे ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवायचे, रिटायर झाल्यापासून त्यांचं निरीक्षण घरापुरतं उरलंय. ते म्हणाले, तू हल्ली घरी आल्यावरही गाडीतच बसलेली असतेस, पेट्रोल संपलंय का? मग मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठले आणि पाण्याची टाकी भरली का ते बघून आले. त्यांना काळजी वाटली की ते टाकी बघतात.

एकाला कळलं की दहांना कळतं. नणंदेनं नजर लागल्याचं निदान केलं आणि मीठमोहऱ्या ओवाळल्या. एका फिजिशियननं बी-ट्वेल्व्ह तपासायला सांगितलं. मॉर्निंग वॉकच्या बायकांनी अनुलोम-विलोम सुचवलं. मी नाकाला बोट लावलं की मला पेशंटचा श्वासच ऐकू यायचा. एका सर्जनला मी धीर करून, ताण येतोय हो हल्ली, एवढंच म्हणाले. तो मनापासून चकित झाला. "मॅडम, तुम्हाला कसला ताण? तुम्ही तर बसूनच असता."

तेव्हा त्याच्या हातात हत्यारं होती आणि माझ्या हातात फक्त पेशंटचा श्वास. म्हणून मी मॉनिटरकडे वळले.

शेवटी मी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं ठरवलं. नांदेडच्या. परभणीत तसल्या दवाखान्यासमोर माझी गाडी उभी राहिली असती, तर संध्याकाळपर्यंत डोक्याचं ऑपरेशन झाल्याचं पसरलं असतं, फक्त कुणाच्या डोक्याचं एवढाच प्रश्न. नांदेडचे डॉक्टर मला थोडे ओळखत होते, एका परिषदेत जेवणाच्या रांगेत आम्ही मागेपुढे होतो. मी वेळ घेतली. नाव सांगितलं, कशासाठी येतेय ते सांगितलं नाही.

मी आत गेले तर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, या या मॅडम, देवासारख्या आलात. काही पेशंटना विजेचा शॉक देऊन उपचार करतात, आणि त्यासाठी आधी भूल द्यावी लागते. त्यांचा भूल देणारा डॉक्टर नुकताच छत्रपती संभाजीनगरला निघून गेला होता आणि त्यांनी चार जणांकडे निरोप ठेवला होता. मी त्यातल्याच एका निरोपावरून आले, असं त्यांनी धरून चाललं. मी तोंड उघडायच्या आत चहा आला, मशीन दाखवून झालं, रिकव्हरीची खाट कुठे टाकावी यावर माझं मत घेऊन झालं. खाट चुकीच्या जागी होती, तेही मी सांगितलं. दार जवळ पाहिजे. निघताना ते म्हणाले, मग गुरुवार ठरवू या का? आणि मी हो म्हणाले.

तीस वर्षांत मला कुणी काम सांगितलं आणि मी नाही म्हणाले, असं झालेलं नाही. जीभ त्या बाजूला वळतच नाही.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"गुरुवारी बोलावलंय."

"बरं. किती आठवडे?"

"कायमचं," मी म्हणाले.

हे टाकी बघायला गेले.

असे काही गुरुवार गेले. तिथंही गाडीतून उतरायला तेवढाच वेळ लागायचा, फक्त वॉचमन नवा होता. एका गुरुवारी काम आटपल्यावर मी त्या डॉक्टरांना विचारलं, की माझ्या एका मावसबहिणीला कामाचा फार ताण आहे, औषधाआधी कुणाशी बोलायचं असेल तर परभणीत कोण आहे? त्यांनी एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. मावसबहीण काय करते, हेही विचारलं. शिक्षिका आहे, असं सांगितलं. मला मावसबहीणच नाही.

समुपदेशन केंद्र वसमत रोडला, चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. पाटीवर दहावी-बारावीचं मार्गदर्शन, विवाहपूर्व सल्ला आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, ताणतणाव. मी गाडी चष्म्याच्या दुकानासमोर लावली आणि गरज नसताना आधी एक चष्म्याचं कव्हर विकत घेतलं. वर बारावीची पोरं आयांबरोबर बसली होती. त्यातल्या एका आईनं मला ओळखलं. आवाजानंच, कारण मी फक्त "जरा सरका" म्हणाले होते. तिचे डोळे मोठे झाले. "मॅडम, हितं भूल देऊन समजावतेत का?" तिच्या पोरानं उठून थेट जिना गाठला. त्याला परत आणायला दोघं गेले.

समुपदेशक बाई माझ्या निम्म्या वयाची असेल. पुण्याला शिकून लग्नानंतर इकडे आलेली. टेबलावर कागदी रुमालाचा खोका, भिंतीवर समुद्राचं चित्र. ती समोर बसली आणि म्हणाली, मॅडम, सांगा. मी म्हणाले, सांगते की, पण तुमचं मूळ गाव कुठलं?

एवढं पुरलं. मला सवयच होती आणि ती नवीन गावात एकटी पडलेली. पहिल्या भेटीत मला तिचं माहेर, तिच्या वडिलांची बायपास आणि नवऱ्याची बदली कळली. दुसऱ्या भेटीत सासू. सासू हा विषय एका भेटीत संपण्यासारखा नव्हता, म्हणून तिसऱ्या भेटीतही सासूच. ती मधूनमधून, आपण तुमच्याकडे येऊ, असं म्हणायची. मी, येऊ की, म्हणायची आणि विचारायची, मग दिवाळीला कोण कुणाकडे गेलं? प्रत्येक भेटीनंतर मला बरं वाटायचं. काम नीट झाल्यासारखं वाटायचं. घरी आल्यावर यांनी विचारलं, समुपदेशक काय म्हणाली, तर मी त्यांना तिच्या सासूचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, अवघड आहे बिचारीचं. मग म्हणाले, "आणि तुझं?"

मी म्हणाले, माझं काय, बरं चाललंय. त्याच दिवशी दुपारी पूर्ण्याच्या वॉचमननं दोनदा टकटक केलं होतं.

चौथ्या वेळी मी गेले तेव्हा ती बाई खुर्चीत ताठ बसली होती. म्हणाली, "मॅडम, मागच्या वेळी मी तुमच्यासमोर रडले. रुमालसुद्धा तुम्हीच काढून दिला. घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की पेशंट मी नाहीये."

मी म्हणाले, होतं असं. मनावर घेऊ नका.

"तुमचं माहेर कुठलं?" तिनं विचारलं.

"माहेर काय, इथलंच जवळचं. तुमच्या सासूबाई आल्या का परत?"

ती बोलली नाही. नुसती बसून राहिली. मला गप्प बसलेलं माणूस सहन होत नाही. टेबलवर बाई गप्प झाली, की मी आधी मॉनिटर बघते. मी पंख्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं. तिला उन्हाळ्याचं विचारलं, पाण्याचं विचारलं. मला तिचा राग आला, आणि राग आल्यावर मी ज्या आवाजात सिस्टरशी बोलते त्या आवाजात म्हणाले, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा, नाहीतर मला दोन ठिकाणी जायचंय.

तिनं विचारलं, ऑपरेशनच्या वेळी तुम्ही कुठे बसता? डोक्याशी, मी म्हणाले. पेशंटला दिसता का? दिसते, उलटी. मग ती उठली, आपली खुर्ची उचलून तिनं माझ्या मागे ठेवली आणि तिथं बसली. मला आता फक्त भिंत आणि समुद्र दिसत होता. मागून तिचा आवाज आला. माझ्याच चालीत, हळू, घाई नसल्यासारखा.

"गाव कुठलं, बाई?"

मी पेडगाव म्हणाले. तेवढंच म्हणाले आणि रडायला लागले. डोळे पुसत बसण्यातलं रडणं नव्हे, नीट आवाज काढून. बाहेर बसलेल्या आयांना वाटलं असणार, भूल बरोबर चढली नाही.

मग मी सांगितलं. मागे कुणीतरी आहे आणि त्याला माझा चेहरा दिसत नाही, एवढ्यावर मला सांगता आलं. मी सांगितलं, की मी बायकांना माहेर विचारते तेव्हा माझे कान त्यांच्या उत्तराकडे नसतातच. मॉनिटर दर ठोक्याला टुक करतं. रक्तातला ऑक्सिजन उतरला, की त्या टुकचा सूर खाली जातो. मी तोंडानं सोयाबीन बोलते आणि कानानं तो सूर धरून बसते. तीस वर्षं धरून बसलेय. आता तो घरीही ऐकू येतो. कुकरच्या शिट्टीत, शेजाऱ्याची गाडी मागे घेताना वाजते त्यात, फ्रिजच्या दारात. सर्जननं काय केलं ते लोकांना दिसतं, पोटावर टाके असतात. मी जे केलं ते कुठंच दिसत नाही, कारण माझं काम काही होऊ न देण्याचं. पण जे झालं नाही ते सगळं मी बघितलेलं आहे. प्रत्येक बाईच्या वेळी बघितलेलं आहे. ते कुणाला सांगायचं? काही झालंच नाही तर सांगणार काय?

ती मागून म्हणाली, "आणि त्यांना भीती वाटली की तुम्ही काय म्हणता?"

"काही होत नाही, म्हणते."

"आणि तुम्हाला वाटली की?"

मी बारावीत बोर्डात आले होते, पण हे मला आलं नाही.

पुढच्या गोष्टी फार साध्या झाल्या, मला त्यांचा जरा अपमानच वाटला. एवढं मोठं दुखणं आणि इलाज असले किरकोळ. महिनाभर भूल द्यायची नाही, हा पहिला. मी म्हणाले, अशक्य, परभणी थांबेल. दुसरा, परत सुरू केल्यावर पूर्वीच्या निम्मंच काम. आणि फोन आला की आधी विचारायचं, पेशंट आत्ता नेमका कुठे आहे. गुरुवार सोडायचा. गाडीत बसावंसं वाटलं तर बसायचं, पण आधी ठरवून, खिडकी उघडी ठेवून, आणि स्वतःशी मोठ्यानं म्हणायचं की मला भीती वाटतेय. मी म्हणाले, वॉचमन काय म्हणेल? ती म्हणाली, तो इतके दिवस काय म्हणतोय?

नांदेडच्या डॉक्टरांना मी फोन करून खरं सांगितलं, की मी पहिल्या दिवशी पेशंट म्हणून आले होते. ते म्हणाले, मॅडम, तेव्हाच का नाही सांगितलंत? मी म्हणाले, तुम्ही खाटेचं विचारलं. ते खरंच ओशाळले. मावसबहिणीची तब्येत मात्र त्यांनी शेवटी विचारलीच.

महिनाभर मी घरी होते. परभणी थांबली नाही. हे मला थोडं लागलं. माझ्यानंतरच्या पिढीतले एक-दोन जण होते, त्यांनी कामं वाटून घेतली. मी गरम पोळी खाल्ली. यांनी मला टाकीचा कॉक कुठे असतो ते दाखवलं, लग्नाला एवढी वर्षं होऊन मला तो माहीत नव्हता. दर आठवड्याला मी त्या समुद्राच्या चित्रासमोर बसत होते आणि ती माझ्या मागे. सूर हळूहळू कुकरमधून गेला, मग फ्रिजमधून. पण भीती होती. ती म्हणाली होती, तुमच्या कामात ती थोडी राहणारच. मला प्रश्न एवढाच होता, की ती घेऊन मला गाडीतून उतरता येईल का. नाही आलं, तर ते शेवटचं.

महिना संपल्यावर पहिला फोन पूर्ण्याहून आला. "मॅडम, पेशंट टेबलवर घेतलाय."

"आत्ता नेमका कुठे आहे?" मी विचारलं.

सर्जन गडबडला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मग म्हणाला, ऑटोत. ताडकळसहून निघालीय. मी ताटावर बसले होते, जेवण पुरं केलं आणि निघाले.

दवाखान्यासमोर गाडी लावली. खिडकी उघडली. वॉचमन तयारीत उभाच होता. मी मोठ्यानं म्हणाले, मला भीती वाटतेय. तो म्हणाला, काय म्हणलाव? मी म्हणाले, तुमाला न्हाई म्हणलं, मलाच. तो जरा बाजूला सरला. हात स्टिअरिंगवरच होते. मी त्यांच्याकडे बघत बसले, वाट बघितली, आणि मग दार उघडलं. त्यानं चावीचं विचारलं नाही.

बाई खरोखरच भेदरलेली होती. पहिलटकरीण, लहान चण, पोटाच्या मानानं हातपाय अगदी काडीसारखे. मी लेबल वाचलं. एकदाच. कमरेत सुई दिली, हात ठीक होता. मग डोक्याशी जाऊन बसले आणि सवयीनं सुरू केलं, गाव कुठलं गं? ती काही सांगेना. माहेर? नाही. सोयाबीन का कापूस? ती वरच्या दिव्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "मॅडम, मला लय भेव वाटायलंय."

माझ्या तोंडात ते वाक्य आलंच होतं. तीस वर्षांचं वाक्य, ते आपोआप येतं. मी ते गिळलं.

"वाटतंच," मी म्हणाले. "मी हितंच हाय. तुझ्या डोक्याशी. उठून जाणार न्हाई."

तिनं हात मागे आणला आणि माझं बोट धरलं. ते मी सोडवलं नाही. जरा वेळानं, डोळे मिटूनच, तिनं विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

मला हे टेबलवरून कुणी विचारलेलं नव्हतं. मी पेडगाव म्हणाले. तिची चुलत मावशी पेडगावला दिलेली निघाली. मग मी सांगत सुटले. आमची विहीर, वडिलांनी मला पोहायला शिकवायचं मनावर घेतलं ते, पाठीला रिकामा डबा बांधला ते, काठावर उभं करून, काही होत नाही, म्हणाले आणि मागून ढकलून दिलं ते. डबा माझ्याआधी सुटला आणि एकटाच तरंगत पलीकडे गेला. बाई हसली. पोट हललं, तसं सर्जननं पडद्यावरून डोकं काढलं. म्हणाला, मॅडम, आज तुम्हीच बोलताय, आणि पेशंट हलतोय. मी म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. मॉनिटर टुक करत होतं. सूर वर होता. मी ऐकत होते, तिचंही ऐकत होते.

तेवढ्यात पोर रडलं. मुलगी. सिस्टरनं दाखवली, पुसली, वजनाला नेली. मग टाके, साफसफाई, स्ट्रेचर. माझी गोष्ट राहूनच गेली. मी सामान आवरत होते तेव्हा वॉर्डबॉय बाईला बाहेर काढत होते, आणि दारातच तिनं त्यांना थांबवलं. मान वळवून तिनं मला पहिल्यांदा सुलटं बघितलं.

"मॅडम, मंग? बुडलाव का तुमी?"

मी म्हणाले, "न्हाई बाई. अजून तरी न्हाई."